ओळीबाहेरचं बोट

रॉसकॉमन, आयर्लंड
९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नाना,

तुम्हाला आणि काकूला नमस्कार. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही अजून इंजिनात उभे असल्यासारखे ओरडता आणि माझं निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून लिहिते. तुम्हीही कागदावर लिहा, काकूला फोटो काढून पाठवायला सांगा. तेवढंच तुमचं अक्षर बघायला मिळेल.

काम तुमच्याच गावचं आहे. मी ज्या वृद्धाश्रमात नर्स आहे तिथे नोरा डोलन नावाच्या आजी राहतात. नव्वद वर्षांच्या, एकट्या. त्यांचे वडील मार्टिन डोलन भुसावळला इंजिन ड्रायव्हर होते. नोराआजी अंगावर पीत होत्या तेव्हा, १९३४ साली, ते तिकडे गेले आणि तिकडेच वारले. माझे काका भुसावळला रेल्वेत होते असं एकदा माझ्या तोंडून निघून गेलं आणि तेव्हापासून आजींनी माझी पाठ धरली आहे. औषधाच्या गोळ्या हातात घेऊन आधी विचारतात, काकांना लिहिलंस का?

वडिलांना कुठे पुरलंय, एवढंच त्यांना हवंय. इथे पूर्वज शोधणं हा मोठा धंदा आहे. अमेरिकेतून लोक येतात, पैसे मोजून आपला खापरपणजोबा विकत घेतल्यासारखा घेऊन जातात. हिंदुस्थानातल्या जुन्या नोंदी बघायच्या तर संकेतस्थळांची वर्षाची वर्गणी भरावी लागते. ती आजींच्या हातखर्चात बसत नाही आणि माझ्याकडून त्या घेत नाहीत. तुम्ही ख्रिस्ती कबरस्तानात एक चक्कर मारली तर काम फुकटात होईल.

आजी खट आहेत, पण मला आवडतात. रक्तात साखर असून रोज संध्याकाळी पावाला लोणी फासून वर साखर भुरभुरून मागतात. मुख्य नर्स देऊ देत नाही. मी कधीमधी गुपचूप देते. हे पहूरला आईला कळवू नका, ती मला नोकरीवरून काढलंय असं स्वप्नात बघेल.

तुमची,
मयुरी


भुसावळ
१७ फेब्रुवारी २०२५

बाळ मयुरी,

आशीर्वाद. मी ओरडतो हे वाचून तुझी काकू दोन दिवस हसते आहे. तिची साक्ष काढून तू पत्र लिहिलंस की काय असा मला संशय आहे.

काम सांगितलंस ते बरं केलंस. निवृत्त झाल्यापासून मला कोणी काम सांगत नाही. सगळे म्हणतात, नाना, जरा बसा. उभा जन्म धावत्या इंजिनावर गेला, आता बसल्या जागी माझे पाय वळवळतात. सकाळी फाटकापर्यंत, दुपारी बाजारापर्यंत, संध्याकाळी स्टेशनापर्यंत जाऊन येतो. काकू म्हणते, तुमच्या पायाला चाकं लावलीत रेल्वेने, ती काढून घ्यायची विसरली.

कबरस्तानात गेलो. काटेरी झुडपं कमरेइतकी. काठीने बाजूला सारत एकेक दगड वाचला. कुणाची बायको, कुणाचं तान्हं पोर, कुणी गार्ड, कुणी फोरमन. एवढ्या लांबून येऊन माणसं आपल्या केळी-कापसाच्या मुलखात मातीत गेली आणि आपण पन्नास वर्षं बाजूच्या रस्त्याने नुसते गेलो. डोलन मात्र नाही. मग चर्चमध्ये गेलो. पाद्रीबाबा तरुण आहेत, भले आहेत. त्यांनी दफनाची जुनी वही काढून दिली. चौतीसपासून इंग्रज जाईपर्यंतचं पान न् पान बघितलं. त्यातही डोलन नाही.

आता मला एक सांग. माणूस वारला हे बाईंच्या घरी कोणी कळवलं? तार आली, पत्र आलं, काय आलं? तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाहीस. लिहायचं राहिलं, की लिहिलं नाहीस?

तुझा,
जीवरामनाना


रॉसकॉमन
४ मार्च २०२५

तीर्थरूप नाना,

लिहिलं नाही. तुमच्यापासून लपवून काय उपयोग होता ते आता कळतंय.

कोणी काही कळवलं नाही. १९३८च्या उन्हाळ्यापर्यंत पत्रं यायची, पैसे यायचे. मग एकदम बंद. त्याच सुमारास आजींच्या आईने भाड्याचं घर सोडलं होतं आणि लेकीला घेऊन ती दुसऱ्या परगण्यात भावाकडे राहायला गेली होती. नवऱ्याच्या शेवटच्या पत्रात त्याने नवे बूट घेतल्याचं लिहिलं होतं. ती बाई मरेपर्यंत म्हणायची, नवे बूट घेणारा माणूस लांब जायच्या तयारीत असतो. नवऱ्याचं नाव तिने पुन्हा घेतलं नाही. नोराआजींनी काही हट्ट केला की एवढंच म्हणायची, बापावर गेलीस.

बाप मेला की आपल्याला टाकून गेला, हे त्या बाईला नव्वदाव्या वर्षी माहीत नाही, नाना. कबर मिळाली तर तो मेला. नाही मिळाली तर तो गेला. कबर हवी आहे ती याच्यासाठी. रोज संध्याकाळी त्या कपाटातून छोटी बॅग काढून कपडे भरतात आणि दाराकडे तोंड करून बसतात. कुठे निघालात विचारलं तर म्हणतात, ठरलं नाही. सकाळी आम्ही कपडे परत कपाटात लावतो.

मी माझ्या परीने शोधलं. इथल्या सरकारने जन्म-लग्नाच्या जुन्या नोंदी मोफत उघड्या ठेवल्यात. १९११ची खानेसुमारीही फुकट बघता येते. मार्टिन डोलन या गावाच्या आसपास तीन निघाले. आजींना आजोबांचं नाव ठाऊक होतं म्हणून आपला नेमका सापडला. वय सहा, वाचता येत नाही, असं त्याच्या नावापुढे लिहिलंय. पुढे १९३१ साली ब्रिजेटशी लग्न. सुट्टीच्या दिवशी इथल्या वाचनालयात जाऊन बसले. पैसे भरायचं संकेतस्थळ त्यांच्या संगणकावर फुकट उघडतं. हिंदुस्थानातली दफनं त्यात चाळली. मुंबई, इगतपुरी, भुसावळ, नागपूर. नाही.

हे आजींना अजून सांगितलेलं नाही. मलाच झोप लागेनाशी झालीय. तुम्ही अजून कुणाला विचारू शकाल का?

मयुरी


भुसावळ
२१ मार्च २०२५

बाळ मयुरी,

तुझं पत्र आल्यापासून घरात माझा पाय ठरला नाही. इंजिन शेडमधले जुने लोक, त्यांची पोरं, जळगावला राहायला गेलेले दोघे-तिघे, सगळ्यांची दारं वाजवली. बहुतेकांनी चहा दिला आणि स्वतःच्या पेन्शनची रडगाणी ऐकवली.

एक जण भेटला. बन्सीलाल म्हणून आहे, त्याचा आजा शेडमध्ये मुकादम होता. आजाकडून त्याने ऐकलंय की लढाईच्या आधी एक गोरा ड्रायव्हर असाच गायब झाला. आज कामावर होता, उद्या नाही. सामान खोलीत जागच्या जागी. त्याचं नाव बन्सीलालला माहीत नाही, पण तो बाटलीपेक्षा चहाचा शौकीन होता आणि हाताखालच्या लोकांत मिसळायचा, म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. मी विचारलं, गेला कुठे? तर म्हणे, मनमाडकडे कुणी बाई होती असं लोक बोलत.

हे लिहावं की नाही यावर मी तीन दिवस घालवले. लोक बोलत, याला पुरावा नाही. लोक माझ्याबद्दलही बोलत की जीवराम डोळे मिटून गाडी चालवतो. पण ऐकलं ते तुझ्यापासून लपवायचं नाही असं ठरवलं, कारण एकदा लपवायला लागलं की मग आपल्यालाच आपला हिशेब लागत नाही. बाईंना सांगायचं की नाही ते तू बघ. सांगितलंस तर मनमाडच्या बाईचं वाक्य गाळ.

नाना


रॉसकॉमन
२९ मार्च २०२५

नाना,

थोडक्यात लिहिते. आजींच्या छातीत कफ भरलाय. दोनदा ताप येऊन गेला. डॉक्टर स्पष्ट बोलत नाहीत, पण इतकी वर्षं हेच काम करते आहे, मला न सांगता कळतं. तापातही बॅग मागतात.

तुम्हाला एक मागते. कबरस्तानातल्या एखाद्या जुन्या दगडाचा फोटो पाठवा. झिजलेला, नाव वाचता येत नाही असा. आसपास जरा साफ करून घ्या, चार फुलं ठेवा. मी त्यांना सांगेन, हेच तुमचे वडील. त्यांची नजर इतकी अधू आहे की हिरवं न् करडं एवढंच दिसेल. कुणाचं काही बिघडणार नाही. एक म्हातारी बाई शांतपणे डोळे मिटेल.

नाही म्हणू नका.

मयुरी


भुसावळ
१ एप्रिल २०२५

मयुरी,

नाही.

तो दगड कुणाचा तरी बाप आहे. त्याची पोरगीही कुठेतरी कपडे भरून बसली असेल. एकीचा बाप उचलून दुसरीला द्यायचा, आणि वर फुलं ठेवायची? तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी पुढचं पत्र लिहिलं नसतं. तुला राग आला तर येऊ दे. मलाही आलाय.

मी शोधतो आहे. बाईंना म्हणावं थांबा.

नाना


भुसावळ
१६ एप्रिल २०२५

चिरंजीव मयुरीस काकूचा आशीर्वाद.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते. इतके दिवस यांचं पत्र का नाही, असं तुला वाटलं असेल. तुझ्यावर रागावले नाहीत. त्यांना ऊन लागलं होतं. ऊन इथे कसं असतं ते तुला सांगायला नको, आणि हे भर दुपारी डोक्याला रुमाल गुंडाळून त्या गोऱ्या माणसाच्या मागे सावद्याला काय गेले, वरणगावला काय गेले. रस्त्यात चक्कर येऊन बसले. कुणी ओळखीच्या माणसाने रिक्षात घालून आणलं. सलाइन लावावी लागली. आता बरे आहेत. पन्हं पितात, आणि मी लपवलेल्या चपला शोधतात. तुझं काम सांगणं चुकलं असं मी म्हणत नाही. उलट पुष्कळ दिवसांनी मला हे जिवंत दिसले. पण तूच त्यांना आता पुरे म्हण. माझं ते ऐकत नाहीत.

आता आणखी एक घोर. तीस तारखेला आखाजी. आपल्या मागच्या गल्लीतली भागाबाई दर आखाजीला यांना पितर म्हणून जेवायला बसवते, हे तुला ठाऊक आहे. बिचारी दिवाळीपासून धरणगावला लेकीकडे होती. परवा आली ती पहिली आमंत्रण द्यायला. डॉक्टरांनी यांना गोड कमी सांगितलंय, आणि तिथे ताटात पुरणपोळी, आमरस, सांजोरी, आणि वर तो पाव. लोणी-साखर लावलेला पाव, मयुरी, पुरणपोळीच्या ताटात. इतकी वर्षं झाली, दर खेपेला घरी येऊन माझ्याजवळ कुरकुरतात, की भागाबाईला कोणी सांगा, पितराला बेकरीचा पाव वाढतात का? मी म्हणते, पितर आहात ना, मग वाढलं ते मुकाट्याने खायचं. यंदा तेवढा पाव तरी ताटातून काढायला लावावा म्हणते. तू यांना लिहिशील तेव्हा औषधाचंही लिही.

शेवंताबाई


रॉसकॉमन
१६ एप्रिल २०२५

काकू,

तुझं पत्र आत्ताच वाचलं. नानांना चपला दे. नको, नानांना झोपू दे, तूच जा. किंवा दोघं रिक्षाने जा, पण आजच जा.

भागाबाईला विचारा, तो पाव कुणासाठी वाढते. लोणी आणि साखर लावलेला पाव. नोराआजी रोज तोच मागतात. मी नानांना लिहिलं होतं, पण ती आजींची आवड आहे एवढंच लिहिलं होतं. तुझं पत्र आल्यावर मी पळत जाऊन आजींना विचारलं, ही सवय तुम्हाला कुणाची? त्या म्हणाल्या, आई त्यावरूनच तर बोलायची, बापावर गेलीस म्हणून.

मयुरी


भुसावळ
१८ एप्रिल २०२५

बाळ मयुरी,

बसून लिहितो आहे आणि या खेपेला कुणी 'जरा बसा' म्हणायची गरज पडली नाही.

नोराबाईंना वाचून दाखवशील, म्हणून आधी आपली रीत लिहितो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे पूर्वजांचा दिवस. घरोघर पाण्याने घागर भरतात, तिच्यावर खरबूज, सांजोऱ्या, आंबे ठेवतात. घरातली बाई उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उमटवते, एकेका गेलेल्या माणसाचं नाव घेऊन एकेक बोट. मग भावकीतला नाहीतर बाहेरचा एखादा माणूस बोलावून त्याला त्या पूर्वजाच्या नावाने जेवू घालतात. तो जेवला की पूर्वज जेवला. त्या माणसाला आम्ही त्या दिवसापुरता पितर म्हणतो.

भागाबाईकडे तो मान माझ्याकडे. तिचा सासरा चिंधा इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन होता. इंजिनावर काम केलेलाच माणूस पितर हवा, असं तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मी समजून चाललो की मी चिंधाच्या नावाने जेवतो. तिथे तिचा चुलत दीरही पितर म्हणून शेजारी बसतो, तो कुणाच्या नावाने, हे कधी मनातही आलं नाही. उंबऱ्यावर बोटांची ओळ असते आणि एक बोट ओळीबाहेर, बाजूला असतं, तेही दर वर्षी बघत होतो. ती त्या बोटाला नाव घेत नाही. वाटायचं, म्हातारीचा हात हलला असेल.

काल संध्याकाळी काकूला घेऊन गेलो. सरळ विचारलं, भागाबाई, तो पाव चिंधाबाबाला आवडायचा का?

ती म्हणाली, "सासऱ्याले काहून? सासऱ्याच्या नावानं तं माहा दीर जेवतो. तुमी सायबाचे पितर हाये, भाऊ."

"कोणत्या साहेबाचा?"

"नाव नाही मले मालूम. सासरा सायबच म्हने. बुडाला ना तो तापीत."

मयुरी, मी विचारलं, कसा बुडाला? तिने सांगितलं ते जसंच्या तसं देतो. चिंधा तेव्हा तरणाबांड होता. श्रावणातला सोमवार. ड्यूटी संपवून तो तापीवर आंघोळीला गेला. साहेब बरोबर होता, त्याला काठावर बसून विडी ओढायची सवय होती. नदीला पूर होता. चिंधाचा पाय निसटला. "सायबानं बूट भी नाही काढले, भाऊ. तसाच उतरला. सासऱ्याले ढकललं बाभयीच्या फांदीकडे, अन् सोता गेला. फांदी एकच व्हती." पुढे कोसन् कोस काठ शोधला. साहेब मिळाला नाही. वर कळवलं होतं. त्याच्या घरी कुणी लिहिलं की नाही, ते चिंधाला कधी समजलं नाही. दफन झालं नाही म्हणून वहीत नाव नाही. माणूस सापडला नाही म्हणून लोकांनी त्याला मनमाडला पोचवला.

चिंधा घरच्यांना सांगून ठेवायचा, ह्या माणसाचं इथे कोणी नाही, पाण्यात गेलेल्याला पाणी आपणच द्यायचं. तो वारल्यावर सुनेने चालू ठेवलं. साहेब डब्यातून पाव आणायचा, लोणी-साखर लावून, आणि अर्धा चिंधाला द्यायचा. म्हणून ताटात पाव.

मी म्हटलं, मला कधी सांगितलं नाहीत? तर म्हणते, "तुमी इचारलं नाही. अन् पितराले काय सांगाचं, का तू कोनाचा?"

उन्हातान्हात अख्खा तालुका पालथा घातला, पोरी, आणि दर आखाजीला त्या माणसाच्या पाटावर मीच बसत होतो. वर पावाला नावं ठेवत होतो, आणि तुझ्या पहिल्या पत्रात तोच पाव वाचूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला फार वाईट वाटतंय आणि फार बरंही वाटतंय.

बाई आहेत ना अजून? लगेच कळव.

नाना


रॉसकॉमन
२३ एप्रिल २०२५

तीर्थरूप नाना,

आहेत. ताप उतरलाय. तुमचं पत्र मी त्यांना एकेक वाक्य इंग्रजीत करून सांगितलं. मध्येच मलाच रडू आलं, तेव्हा त्यांनी माझा हात थोपटला, जणू बाप माझाच गेला होता.

त्या रडल्या नाहीत. फक्त विचारलं, "बुटासकट?" मी म्हटलं, हो, बुटासकट. पुन्हा थोड्या वेळाने तेच विचारलं. मग म्हणाल्या, "नवे होते. वर्षभर पैसे बाजूला टाकून घेतलेले. काढायला किती वेळ लागतो? तरी काढले नाहीत." आणि हसल्या. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मग प्रश्न सुरू झाले. चिंधाला पुढे मुलं किती झाली? पाणी गार असतं का श्रावणात? भागाबाई दिसते कशी? आणि तुमचे नाना जाड आहेत की बारीक? मी बारीक सांगितलं. म्हणाल्या, मग त्यांना नीट वाढत जा म्हणावं.

त्या संध्याकाळी त्यांनी बॅग काढली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खुर्ची खिडकीकडे फिरवून मागितली.

काल मात्र पुन्हा अस्वस्थ झाल्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, आई त्यांच्यावर रागावूनच मेली. चाळीस वर्षं रागावून. तिला कोण सांगणार? मग त्यांनीच विचारलं, त्या उंबऱ्यावर आणखी एका बोटाला जागा आहे का? नाव ब्रिजेट. भागाबाईला चालेल का? नाहीतर राहू दे, परक्यांनी किती करायचं, असंही म्हणाल्या.

त्यांना तिथली रीत माहीत नाही म्हणून विचारलंय. तुम्ही नाही म्हणालात तर या खेपेला मला राग येणार नाही. दगडाच्या वेळी तुम्ही नाही म्हणालात, त्याबद्दल तुमच्या पाया पडते.

मयुरी


भुसावळ
३० एप्रिल २०२५
आखाजी

बाळ मयुरी,

आत्ताच जेवून आलोय. हात धुतले आणि लिहायला बसलो, म्हणजे कागदावर आमरसाचा डाग दिसला तर समजून घे.

ब्रिजेटबाईंचं मी भागाबाईला चार दिवसांपूर्वीच विचारलं होतं. मला वाटलं, ती विचारात पडेल, दिराला विचारते म्हणेल. ती तांदूळ निवडत होती. मान वरसुद्धा केली नाही. म्हणाली, "लावू ना. नवऱ्याच्या बाजूले बायकोचं बोट लागतेच. मले काय मालूम त्याले बायको व्हती? नाही तं कवाच लावलं असतं." आणि मग तिने दोन्ही नावं माझ्याकडून म्हणवून घेतली. रोज सकाळी मी तिच्या दारावरून गेलो की ती आतून नावं म्हणून दाखवायची आणि मी बरोबर म्हणायचो.

आज तिने उंबरा सारवला, घागरी भरल्या. आधी आपल्या माणसांची ओळ. चिंधाबाबाचं बोट शेवटचं. मग ती जराशी सरकली आणि बाजूला बोट टेकवून म्हणाली, मार्टिन डोलन. इतक्या वर्षांत त्या बोटाला पहिल्यांदा नाव मिळालं. त्याला खेटून दुसरं बोट टेकवलं, ब्रिजेट. नाव घेताना अडखळली नाही. काकूने फोटो काढलाय, सोबत पाठवते. बाईंना दिसणार नाही, पण तांबडे ठिपके त्यांच्या बोटाने दाखव. ओळीबाहेरचे दोन आहेत ते.

मग पाटावर बसलो. दर वर्षी मी तिथे जीवराम म्हणून बसायचो आणि जेवण कसं झालंय ते बघायचो. आज पहिला घास तोंडापर्यंत जाईना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दीर बघत राहिला. भागाबाई म्हणाली, "जेवा, भाऊ. तो उपाशी राहीन ना."

म्हणून जेवलो. पुरणपोळी खाल्ली, आमरस प्यालो. काकूने डोळे वटारले होते, तिकडे बघितलं नाही. शेवटी पाव घेतला. दर वर्षी मी त्याचा एक तुकडा मोडून बाकीचा ताटात सारून ठेवायचो. आज सगळा खाल्ला, आणि आणखी एक मागून घेतला.

नोराबाईंना सांग, तुमचा बाप पोटभर जेवला.

तुझा,
नाना